टेपला रफार नसतो

प्रभाताई मोरे यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या बरकतपुऱ्यातल्या आपल्या घराच्या मागच्या अंगणात उभ्या राहून शेजारच्या भिंतीला हाका मारत होत्या. "लक्ष्मीगारू, मिक्सी आपंडि! रेंडु निमिषालु!" मिक्सर बंद करा, दोनच मिनिटं, असं ते आर्जव होतं. भिंतीपलीकडची घरघर थांबली. ताई आत आल्या, खोलीचं दार लावलं, पंखा बंद केला आणि आम्हा तिघांकडे वळून म्हणाल्या, "हं. आता टाळ्या वाजवा."

आम्हाला वाटलं, ही इथली स्वागताची पद्धत असेल. आम्ही वाजवल्या. ताई डोळे मिटून उभ्या होत्या. मग त्यांनी कोपऱ्यातली एक गोधडी काढून दुसऱ्या भिंतीवर टांगली आणि पुन्हा टाळ्या वाजवायला लावल्या. असं चार-पाच वेळा झालं. आमचा गिटारवाला इम्तियाज माझ्या कानात पुटपुटला, "मॅडम दीवारां से बातां कर रे क्या मियाँ?" ताईंनी डोळे न उघडताच उत्तर दिलं, "हौ. तुम चुप रहे तो वो भी कुछ बोलेंगे." त्यानंतर त्या खोलीत विनाकारण तोंड उघडायची हिंमत आमच्यापैकी कोणी केली नाही.

ताईंच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथासाठी समितीने मला "ताईंचे कार्य" या विषयावर लिहायला सांगितलं, तेव्हा मी आधी कानावर हात ठेवले. माझं शुद्धलेखन कसं आहे हे हैदराबादच्या आपल्या मराठी मंडळाच्या जुन्या सभासदांना चांगलंच ठाऊक आहे. शाळा इंग्रजी, गल्ली तेलुगू, मित्र दख्खनी बोलणारे आणि घरात मराठी फक्त कानावर पडणारी. पण मग वाटलं, ताईंविषयी मला जे सांगायचं आहे ती माझ्या अशुद्धलेखनाचीच गोष्ट आहे. ती दुसरं कोण सांगणार?

तो काळ जुन्यांना आठवत असेल. देशाची दारं उघडली असं वर्तमानपत्रं म्हणत होती. आमच्यापुरती ती चिक्कडपल्लीत, श्रीनूच्या गच्चीवरून खाली आलेल्या केबलच्या वायरीतून उघडली. दिवसभर परदेशी गाणी दिसायला लागली, केस वाढले, इम्तियाजच्या मामेभावाने आखाती देशातून गिटार आणली, श्रीनूने कुठूनसे जुने ड्रम मिळवले, आणि आवाज नसलेल्या मला गाणं म्हणायला उभं केलं, कारण गाणी मी लिहायचो. आमच्या बँडचं नाव 'लो व्होल्टेज'. गच्चीवर दोन अ‍ॅम्प्लिफायर लावले की खालच्या घरातले बल्ब पिवळे पडायचे आणि श्रीनूची आजी जिन्यातून शिव्या घालायची, त्यावरून ते पडलं.

आम्हाला एक गाणं रेकॉर्ड करायचं होतं. फक्त एक. परदेशातले बँड आधी एकच गाणं बाजारात आणतात, त्याला सिंगल म्हणतात, असं आम्ही कुठेतरी वाचलं होतं. शहरातले दोन स्टुडिओ आम्हाला पाहूनच कामात असल्याचं सांगत. तेव्हा मंडळातल्या कोणीतरी ताईंचं नाव सांगितलं. ताई नभोवाणी केंद्रावर तंत्रज्ञ होत्या. मराठवाड्यातल्या शेतकरी घरातली मुलगी सोल्डरिंगचं यंत्र हातात घेते याचं त्या काळी केंद्रातल्या पुरुषांनाही अप्रूप होतं, आणि थोडा रागही. त्यांनी एका बंद पडलेल्या स्टुडिओतलं टेपचं जुनं यंत्र घरी आणून महिनाभर उघडं ठेवलं आणि स्वतःच्या हाताने पुन्हा चालतं केलं होतं. मागच्या खोलीत त्या भजनी मंडळांची, शाळांच्या गाण्यांची ध्वनिमुद्रणं करून देत.

त्यांच्या हाताविषयी एक सांगतो. एका भजनीबुवांच्या आलापात शेजारच्या कुकरची शिट्टी शिरली होती. बुवा म्हातारे, पुन्हा तसा आलाप लागेल याची खात्री नाही. ताईंनी टेप बोटाने पुढेमागे सरकवत शिट्टी नेमकी कुठे सुरू होते ते कानाने शोधलं, दाढीच्या ब्लेडच्या अर्ध्या पात्याने तेवढा तुकडा तिरका कापला आणि टोकं चिकटवली. बुवांना ऐकवलं. बुवा म्हणाले, "शिट्टी गेली ते ठीक, पण माझा आलाप कुठं तुटला ते मला का कळंना झालंय?" मी तिथे बसलो होतो आणि माझ्या अंगावर काटा आला होता. आजही, सगळं संगणकावर होत असताना, मला तसं करता येत नाही. मी आता ध्वनिमुद्रणाचंच काम करतो, म्हणून हे जबाबदारीने लिहितो आहे.

आता गाण्याकडे येतो. त्याचं नाव 'परवा'.

हैदराबादबाहेरच्या वाचकांसाठी इथे थोडं सांगायला हवं. आपल्या शहरात 'परसों' म्हणजे परवाचा दिवस नव्हे. गेला आठवडा, गेलं वर्ष, लग्नाआधीचा काळ, सगळं परसोंमध्ये बसतं. इम्तियाजचे आजोबा निजामाच्या काळातली गोष्ट 'परसोंच' म्हणून सांगत. त्या शब्दाच्या सहवासात आपली मराठी परवाही सैल झाली. माझी आई वीस वर्षांपूर्वीच्या लग्नाला "परवाच झालं की" म्हणायची. आणि ही परवा पुढच्या बाजूलाही तेवढीच ताणली जाते.

माझा मोठा भाऊ, आमचा दादा, सरकारी कचेरीत पक्क्या नोकरीत होता. आमच्या घराण्यातली ती तशी दुसरीच पक्की नोकरी. पहिली बाबांची. बाबा जामबागेतल्या एका छापखान्यात जुळारी होते, म्हणजे शिशाचे खिळे एकेक वेचून मजकूर जुळवणारे. गावात आमच्या माणसांना पाटीला हात लावू देत नव्हते, तिथून येऊन बाबा अक्षरांवर पोट भरत होते. त्यांच्या हातून चूक गेलेली कोणी पाहिली नव्हती. पक्क्या नोकरीचं मोल त्यांना जितकं कळत होतं तितकं आम्हाला कधीच कळणार नव्हतं. ती नोकरी दादाने सोडली आणि बेंगळुरूच्या एका खाजगी कंपनीत संगणक विकायला निघाला. काचीगुड्याहून गाडी होती. बॅग घेऊन तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, "येतो बाबा. येईन परवा."

बाबा पाठमोरेच म्हणाले, "मला परवा नाही."

दादा गेला. त्यानंतर दोन वर्षं बाबांनी त्याचं नाव घेतलं नाही. त्याची पत्रं आली की आई वाचायची आणि डब्यात ठेवून द्यायची. कोणी विचारलं की म्हणायची, "येईल की परवा. कुठं जायलाय?" मी या दोघांच्या मधे जेवायला बसायचो. त्यातून ते गाणं झालं. त्याचं धृपद असं होतं:

आई म्हणे, येईल परवा,
बाबा म्हणे, परवा नाही.

हे शेवटचं 'परवा नाही' मी गळा फाडून म्हणायचो आणि मागे श्रीनू जिवाच्या आकांताने ड्रम बडवायचा.

ध्वनिमुद्रणाच्या दिवशी ताईंनी श्रीनूला जिन्याखाली बसवलं आणि मला न्हाणीघरात उभं केलं, कारण तिथल्या फरशीवरून आवाज चांगला परततो. मी तांब्याच्या बंबाशेजारी उभा राहून धृपद एकदा म्हणून दाखवलं. ताईंनी दार उघडलं आणि विचारलं, "मिलिंद, ही परवा कुठली रे?"

"कुठली म्हणजे?"

"कॅलेंडरातली की काळजीतली?"

मला काही कळेना. ताईंनी खडूने न्हाणीघराच्या दारावर दोन शब्द लिहिले. परवा. पर्वा. दुसऱ्याच्या डोक्यावरच्या खुणेकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हा रफार. बोलताना दोन्ही सारखेच ऐकू येतात. पण रफारवाली पर्वा म्हणजे फिकीर."

उर्दूतली 'परवाह' मला माहीत होती, पण बाबा घरात उर्दू शब्द वापरत नसत. शिवाय दादा 'परवा येईन' म्हणाला आणि बाबांनी लगेच 'परवा नाही' म्हटलं. मला ते त्याचं उत्तर वाटलं होतं. तू परवा येशील, पण मला परवाच उरलेली नाही, तू गेलास की माझ्याकडे पुढचा दिवसच नाही, असं बाबा म्हणाले असं मी दोन वर्षं धरून चाललो होतो. त्या एका समजुतीवर मी बाबांना माफ केलं होतं, आणि गाणंही तिच्यावरच उभं होतं. आता दारावर खडूने लिहिलं होतं की बाबा फक्त एवढंच म्हणाले, की मला त्याची फिकीर नाही.

मी न्हाणीघरातल्या पाटावर बसलो. ताईंना सगळं सांगितलं. गाणं रद्द करू असंही म्हणालो. बाहेर इम्तियाज आणि श्रीनू गुपचूप उभे होते. ताईंनी ओल्या फडक्याने दार पुसलं, दोन्ही शब्द घालवले आणि म्हणाल्या, "टेपला रफार नसतो. तू ऐकलंस तसं गा."

मी गायलो. तिसऱ्या वेळी 'परवा' आणि 'नाही' यांच्या मधे माझा श्वास अडकला, चांगला ऐकू येईल असा. नंतर मी ताईंना विनवलं की तेवढा कापून टाका, बुवांच्या शिट्टीसारखा. त्यांनी टेप तिथवर आणली, पातं उचलून एकदा ऐकलं, पुन्हा एकदा ऐकलं, आणि पातं डबीत ठेवून दिलं. "हा राहू दे," म्हणाल्या. त्या का म्हणाल्या ते विचारायची माझी छाती झाली नाही.

राहिलं कॅसेटमधलं कागदी वेष्टण. त्यावर गाण्याचे शब्द छापायचे होते. "कागदावर मात्र काहीतरी एक लिहावं लागेल," ताई म्हणाल्या आणि कागद माझ्यासमोर ठेवला. मी आईच्या ओळीत 'परवा' लिहिलं. बाबांच्या ओळीतही आधी तेच लिहून थांबलो. मग जे खरं तेच लिहावं म्हणून र खोडून रफार दिला. आयुष्यात मी पहिल्यांदा दिलेला तो बरोबर रफार असेल, आणि तो देताना मला रडू आलं. ताईंनी कागद घडी करून पर्समध्ये टाकला. छपाईचं मी बघते, एवढंच म्हणाल्या.

कॅसेटचं प्रकाशन मंडळाच्या सभागृहात, रविवारी सकाळी, वार्षिक सभेनंतर आणि जेवणाआधी ठरलं. ही वेळ ताईंनीच पदाधिकाऱ्यांकडून मिळवली होती. 'जेवणाआधी कोणी उठून जात नाही' हा त्यांचा हिशोब. माझी आई पहिल्या रांगेत येऊन बसली होती. बाबा येणार नाहीत हे मी गृहीत धरलं होतं. आमच्या गाण्याबजावण्याला ते 'डबडी' म्हणत. सभा संपत आली, मागून वरणाचा वास यायला लागला, तरी वेष्टणांचा पत्ता नव्हता. मी ताईंकडे पाहिलं. त्या निवांत होत्या.

तेवढ्यात दारातून बाबा आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि काखेत सुतळीने बांधलेला गठ्ठा.

मला आधी वाटलं, घरी काही झालं म्हणून ते आईला बोलवायला आले आहेत. मग त्यांनी गठ्ठा टेबलावर ठेवून सुतळी सोडली आणि मला उमजलं. माझा तो कागद गेला होता बाबांच्याच छापखान्यात. माझ्या अक्षरातली प्रत्येक ओळ त्यांनी खिळा खिळा वेचून जुळवली होती. आईची, दादाची, स्वतःचीही. घरी येऊन ते आमच्याबरोबर जेवले होते आणि काही बोलले नव्हते.

मंडळाचे त्या वेळचे कार्यवाह निवृत्त मराठी शिक्षक होते. त्यांनी चष्मा लावून वेष्टण वाचलं आणि माइकवरच म्हणाले, "इथे एक मुद्रणदोष राहिला आहे. दोन्ही ओळींत 'परवा' छापलंय. दुसरा 'पर्वा' हवा, रफाराचा. तरुणांनी प्रयत्न केलाय, पण भाषेकडे..."

"दोष नाही तो," बाबा म्हणाले. ते अजून टेबलाशीच उभे होते.

"अहो, पर्वा नाही म्हणजे..."

"कळतं मला. मूळ कागदावर रफार होता. मी काढलाय."

"पण का?"

बाबांनी सुतळीची गुंडाळी करून खिशात घातली. "बोलणारा मीच होतो," ते म्हणाले. "पोरानं बरोबर ऐकलं होतं. रफार त्यानं मागून लावलाय."

कार्यवाहांनी चष्मा काढला आणि बाबांना खुर्ची दिली. हे कार्यवाह पुढे आमच्या प्रत्येक कार्यक्रमाला आले, हेही इथे सांगितलं पाहिजे. ताईंनी कोपऱ्यातल्या यंत्राचं बटण दाबलं. जेवणासाठी थांबलेल्या त्या माणसांनी, त्यात नऊवारीतल्या आज्याही होत्या, एक रॉक गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. तो अडकलेला श्वास आला तेव्हा मी बाबांकडे पाहिलं नाही. मी ताईंकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते आणि त्या खोली ऐकत होत्या.

त्या दिवशी बाबांनी दोन कॅसेटी घरी नेल्या. एक आईच्या पत्रांच्या डब्यात गेली. दुसरी त्यांनी बेंगळुरूला पाठवली, सोबत स्वतःच्या हाताने लिहिलेलं पत्र. पत्रात काय होतं ते दादाने मला कधी दाखवलं नाही. उन्हाळा संपायच्या आत तो काचीगुड्याला उतरला आणि बाबा त्याला आणायला फलाटावर गेले होते. बाबा त्या दिवशी दारात खरोखर काय म्हणाले होते, हे मला आजही माहीत नाही. मी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही.

बाकी सिंगलचं म्हणाल तर बाजारात त्याचे हाल झाले. कोटीच्या बाजारातला दुकानदार म्हणायचा, "एक गाने का कॅसेट कौन लेता भाई? लोगां आधा खाली है बोलके वापस ला रे." श्रीनू बँकेत लागला, इम्तियाज अमेरिकेला गेला. मी मात्र ताईंच्या मागच्या खोलीतून बाहेर पडलोच नाही. त्यांनी मला पातं धरायला शिकवलं, आणि कुठे धरायचं नाही हेही. आज माझं जे काही आहे ते त्या खोलीतलं आहे.

पुढे एकदा धीर करून मी विचारलं, "ताई, बाबा त्या छापखान्यात आहेत हे तुम्हाला माहीत होतं?"

"गावात मराठी छापखाने असे किती होते रे?" ताई म्हणाल्या आणि टेप गुंडाळत राहिल्या.

"आणि त्यांनी रफार ठेवला असता तर?"

"तर तुला कळलं असतं. न कळण्यापेक्षा ते बरं." मग हात थांबवून म्हणाल्या, "पण मी तुझा श्वास ऐकला होता. पोराला असा श्वास उगीच येत नाही. त्याच्या घरात कोणालातरी काळजी असल्याशिवाय नाही येत." एवढं बोलून त्यांनी भिंतीपलीकडे हाक मारली आणि मिक्सर सुरू करायला परवानगी दिली.

माणसाच्या बोलण्यात रफार आहे की नाही हे केवळ कानाने ओळखणारी दुसरी व्यक्ती मी पाहिलेली नाही. या मंडळातल्या किती घरांतल्या किती भांडणांच्या मधे ताई अशा अर्धं पातं घेऊन बसल्या असतील, आणि किती वेळा त्यांनी ते न चालवता डबीत ठेवलं असेल, याचा मला अंदाज नाही. त्यांच्यासमोर आजही मी विनाकारण तोंड उघडत नाही.

हा लेख छापायला देण्याआधी बाबांनी भिंग लावून तपासला. त्यांचे हात थरथरतात, पण नजर अजून जुळाऱ्याचीच आहे. चिकार चुका निघाल्या, त्यांतल्या निम्म्या ऱ्हस्वदीर्घाच्या. धृपदाच्या दोन ओळींपाशी त्यांचं पेन थांबलं, आणि पुढे गेलं. "ताईंना माझा नमस्कार लिही," म्हणाले. तो इथे पोचवतो आहे.

शेवटी शुभेच्छा हव्यात असं समितीने बजावलं आहे. ताईंना निरोगी, भरपूर आयुष्य लाभो. त्यांचे कान असेच तिखट राहोत, आणि लक्ष्मीगारूंचा मिक्सर त्यांच्या एका हाकेसरशी असाच थांबो. ताईंच्या शंभरीचा कार्यक्रम आपण याच सभागृहात करू, जेवणाआधी. वेष्टणं मी छापून आणीन. तारीख विचाराल तर आपल्या गावच्या रीतीने सांगतो, ताई. परवा.